पारण्याचं पान : उपवास-पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

२५ जून २०२५, बुधवार

दोन्ही पालख्या पुण्यातून पुढे गेल्या आणि हडपसरच्या आमच्या मधुमेह केंद्रात पुन्हा नेहमीची वर्दळ सुरू झाली. आषाढी एकादशी ६ जुलैला. तिथून चातुर्मास लागतो. मग श्रावणी सोमवार, शनिवार, संकष्ट्या, हरतालिका आणि पुढे नवरात्र. केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी यातलं काहीच न करणारी विरळा. पुरुषही बरेच.

शुगरच्या पेशंटला सगळीकडे एकच वाक्य ऐकायला मिळतं, "उपवास करू नका." पेशंट मान हलवतात आणि घरी जाऊन उपवास करतात. पुढच्या वेळी ते आपल्याला सांगत नाहीत, एवढाच काय तो फरक पडतो. म्हणून यंदा पत्रक काढायचं ठरलं आहे. चार पानं, मोठं अक्षर, आशाताईंच्या पिशवीत मावेल असं. हे पत्रक उपवास बंद करायला लावण्यासाठी नाही. ज्याला झेपतो त्याला तो नीट करता यावा, ज्याला झेपत नाही त्याला वेळेत कळावं, यासाठी आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून माझं मत पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. उपवास ही चांगली गोष्ट आहे. पोटाला विसावा मिळतो, भूक म्हणजे काय ते कळतं, उठसूट खायची सवय सुटते. इतकी जुनी, इतक्या घरांत टिकलेली आणि एक पैसाही न लागणारी आरोग्याची सवय आपल्याकडे दुसरी नाही. ती टाकून द्यायला सांगणं मला पटत नाही.

२७ जून

पहिलं पान : उपवासात अंगात काय होतं. जेवण थांबलं की शरीर आधी यकृतातला साठा काढतं. तिथे ग्लायकोजेनच्या रूपात साधारण १०० ग्रॅम साखर असते. स्नायूंत याच्या कितीतरी पट असते, पण ती रक्तात परत येत नाही, स्नायूच ती वापरतात. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. त्यामुळे चोवीस तासांच्या आसपास यकृताचा साठा संपत येतो. त्याच्या आधीपासूनच चरबी वितळायला लागलेली असते, यकृत तिच्यापासून कीटोन तयार करतं आणि मेंदू हळूहळू त्यांवर चालायला शिकतो. अमेरिकेतल्या जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात दीर्घ उपवास करणाऱ्यांवर हे मोजून दाखवलं. काही आठवड्यांच्या उपवासात मेंदूची निम्म्याहून जास्त गरज कीटोन भागवतात.

हे सगळं निरोगी माणसाचं. गोळ्या चालू असलेल्या माणसात हीच साखळी मधेच तुटू शकते. ते औषधांच्या पानावर घेऊ.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा "एकादशीला नोबेल मिळालं" हा संदेश पत्रकात घ्यावा असा आग्रह झाला. नाही घेतला. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीसाठी. उपाशी पेशी स्वतःतले निकामी भाग मोडून पुन्हा वापरते, ती यंत्रणा त्यांनी उलगडली. पण त्यांचं मूळ काम यीस्टवर आहे. माणसाने किती तास उपाशी राहिलं की कोणता आजार बरा होतो, हे त्यातून निघत नाही. एकादशीला नोबेलच्या टेकूची गरजही नाही.

३० जून

आज तराजू घेऊन बसलो. एका माणसाची खिचडी : सुका साबुदाणा १०० ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम, एक लहान बटाटा. साबुदाण्याच्या सुमारे ३५० कॅलरी, कुटाच्या १७०, तुपाच्या १३५, वर बटाटा. सातशेच्या पुढे गेलं. वरण-भात, भाजी आणि दोन पोळ्यांचं साधं जेवण बहुधा याच्या आतच बसतं, शिवाय त्यात डाळ असते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. निव्वळ पिष्ट, तेही झरझर पचणारं. "एकादशी दुप्पट खाशी" हे म्हणणाऱ्यांनी तराजू न वापरताच ओळखलं होतं.

पण खिचडीवर फुली मारलेलं चित्र नको, असं मी चित्र काढणाऱ्या मुलाला सांगितलं. लोक दुखावतात आणि पत्रक बाजूला ठेवतात. त्यापेक्षा "उपवासाला चालतं" ही यादी कशी बनली ते सांगावं. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आपल्याकडे येणारा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूचा. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, सगळे उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांतूनच आले आणि पोर्तुगिजांच्या काळापासून इथे रुजले. म्हणजे आज आपण पूर्वापार म्हणून जे ताट वाढतो, त्यातलं निम्मं ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात नव्हतं. यादी एकदा बदलली, श्रद्धा तशीच राहिली. मग आपण ती पुन्हा बदलू शकतो. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३ ते १४ ग्रॅम प्रथिनं आहेत. ताक, दही, काकडी, कोकमाचं सार, मूठभर भाजलेले दाणे, वाटीभर वरईचा भात आणि दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं. घरोघरची यादी थोडी वेगळी असते, म्हणून पत्रकात "तुमच्या घरी चालत असेल तर" हे शब्द घालायचे.

२ जुलै

औषधांचं पान. डॉक्टरबाई ओपीडी संपवून बसल्या. गोळीचा डोस किती कमी करायचा हे पत्रकात छापायचं नाही, यावर त्या ठाम आहेत आणि मलाही ते पटलं. पत्रक शेजारणीच्या हातात जातं, तिची गोळी वेगळी असते. छापायचं ते एवढंच : उपवासाच्या आठवडाभर आधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे या आणि "मी उपवास करणार आहे" असं सांगा.

तरी कोणत्या गोळीत काय धोका, हे लोकांना कळलं पाहिजे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावतात, म्हणून साखर खाली कोसळू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही तोच धोका. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना तो फार कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता बऱ्याच जणांना चालू आहेत. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. लांबलेल्या उपवासात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि त्या वेळी साखर फार वाढलेली नसल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, आणि मशीनवर आकडा ठीक. हे पेशंटनी सोडाच, घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं आहे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर पाणी कमी पडून चक्कर येते, तीही ओळ घेतली.

उपवास कधी सोडायचा : साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली की लगेच. हे आकडे रमजानच्या रोज्यांसाठी मधुमेहतज्ज्ञांनी केलेल्या मार्गदर्शनातले आहेत. रोज्यांवर इतकं नीट काम झालं आहे की आपल्या उपवासांनी त्यातून शिकावं. ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून पिणे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे.

आशाताई इथे जे बोलल्या ते मी जसंच्या तसं पत्रकात घेतलं आहे : "बाई, साखर उपासाला चालतीच की. मग घाबरायचं कशाला?" चक्कर आली तरी व्रत मोडेल म्हणून दाताखाली काही न धरणाऱ्या आजीला हे एवढं वाक्य पुरतं.

७ जुलै, सोमवार, द्वादशी

आज केंद्रात जे पाहिलं त्याने पत्रकाची मांडणीच बदलली.

काल घरी तपासायला मशीन दिलेल्या एका काकू वही घेऊन आल्या. एकादशीचा दिवस व्यवस्थित, राजगिऱ्याचा लाडू आणि ताक, आकडे दिवसभर १३० ते १५० मध्ये. आज सकाळी पारणं. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, गोड शिरा, भजी. दोन तासांनी २९०. काकू म्हणाल्या, "ताई, काल तर काहीच खाल्लं नाही, मग आज का वाढली?"

त्यांच्या प्रश्नात सगळं आलं. आपण उपवासाच्या दिवसाबद्दल बोलतो, उपवासाच्या पदार्थांबद्दल बोलतो, आणि तो सोडायचा कसा हे कोणी सांगत नाही. एक दिवस रिकामं राहिलेलं शरीर चरबीवर चालत असतं. पुन्हा साखर सांभाळायला त्याला थोडा वेळ लागतो. त्याच वेळी आपण वर्षातलं सर्वांत जड ताट समोर ठेवतो. उपवासाचा अर्धा गुण दिवसात असेल तर अर्धा पारण्यात आहे. शास्त्राने द्वादशीला एवढं महत्त्व दिलं, पारण्याची वेळसुद्धा ठरवली. आपण वेळ पाळली आणि पान मात्र सणाचं वाढलं.

ठरलं : चौथं पूर्ण पान पारण्याचं.

१२ जुलै, शनिवार

सकाळी आगाखान पॅलेस, मग ताडीवाला रस्त्यावरचं बापू भवन.

गांधीजींचे पुण्यातले मोठे उपवास तीन. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात, मे १९३३ मध्ये २१ दिवस पर्णकुटी या बंगल्यात, आणि १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या पॅलेसमध्ये पुन्हा २१ दिवस. हे उपवास आरोग्यासाठी नव्हते, हे स्पष्ट लिहायला हवं. पण ते केले होते निसर्गोपचाराचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसाने. ७३ व्या वर्षी २१ दिवस. मधल्या काळात प्रकृती इतकी खालावली की पाण्यात मोसंबीचा रस घ्यावा लागला. ३ मार्चला कस्तुरबांनी हातात दिलेला, पाणी घालून पातळ केलेला संत्र्याचा रस हे त्यांचं पारणं. पुढचे काही दिवस रसावरच, मग शेळीचं दूध आणि फळं. जेवणाचं ताट समोर यायला किती दिवस मधे ठेवले, ते पाहा.

डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र जिथे होतं, जिथे गांधीजींचा मुक्काम असे, तिथेच, बापू भवनात, आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला गेले आणि तिथला आश्रम सुरू झाला. तो पुढे मणिभाई देसाईंनी उभा केला. निसर्गोपचारात उपवास सोडायची रीत सगळीकडे साधारण एकच : लिंबूपाणी, मग फळांचा रस, मग फळं, मग उकडलेल्या भाज्या, आणि शेवटी भाकरी. जितके दिवस उपवास तितकं सावकाश परत यायचं. मधुमेह्यांना रसाची पायरी जशीच्या तशी चालणार नाही, त्या जागी ताक किंवा भाज्यांचं पातळ सूप. डॉक्टरबाईंना विचारून घेतलं, त्यांना मान्य.

१९ जुलै

चरकसंहितेतला लंघनाचा अध्याय एका वैद्यांबरोबर वाचला. लंघन म्हणजे शरीर हलकं करणारं जे जे ते. त्याचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि उपवास त्यातला फक्त एक. चार शोधनं (म्हणजे वमन, विरेचन अशा शरीरशुद्धीच्या क्रिया), तहान सोसणं, वारा, ऊन, पाचन, उपवास, व्यायाम. म्हणजे ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी दारं उघडी आहेत. इन्सुलिनवर असलेल्या आजोबांना "तुमचं लंघन म्हणजे रोज संध्याकाळचं चालणं" असं सांगता येतं, आणि सांगणारे चरक असतात.

शोधनानंतरचा संसर्जन क्रमही तिथलाच विचार : आधी पेया, म्हणजे पातळ पेज, मग विलेपी, म्हणजे दाट पेज, मग मुगासारखं कढण, मग नेहमीचं अन्न. कोकणात ताप उतरल्यावर पेज देतात ती याच घरातली.

आजचं वैद्यकही त्याच जागी पोचलं आहे. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचलं जातं. रक्तात त्यांचा तुटवडा पडतो, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे पाहिलं गेलं. एका दिवसाच्या एकादशीत हा धोका नाही. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा दोन लवंगांवर राहणाऱ्यांना मात्र आहे, आणि तसे लोक आपल्या वस्तीत आहेत.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार

धरणं-पारणं करणाऱ्या एक आजी भेटल्या. चातुर्मासभर एक दिवस उपवास, एक दिवस जेवण. त्यांच्या सासूबाईही करायच्या. शहरात हल्ली ज्याला "एक दिवसाआड फास्टिंग" म्हणून शिकवण्या चालतात तेच हे. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदा जेवण, नक्त म्हणजे दिवस मावळल्यावर जेवण. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीनेही राज्यभरातल्या घरांत मधल्या खाण्याला आळा बसला. वजनाच्या बाबतीत प्रयोगांतून वारंवार दिसतं ते असं की एकूण खाणं सारखंच कमी केलं, तर उपवासाने आणि रोज थोडं कमी खाऊन वजन साधारण सारखंच उतरतं. म्हणजे ज्याला जे आयुष्यभर निभेल ते त्याचं.

आजींना विचारलं, पारण्याच्या दिवशी काय? "नेहमीचंच. ज्वारीची भाकरी, पालेभाजी. रोज सण केला तर धरणं कशाला म्हणायचं?" चौथ्या पानाचं शीर्षक ठरत नव्हतं, ते मिळालं : "पारण्याला नेहमीचंच".

सोमवार संध्याकाळी सोडतात हे त्यातल्या त्यात बरं. सूर्यास्ताला जेवण होतं, झोपेपर्यंत वेळ मिळतो.

१२ ऑगस्ट, अंगारकी

संकष्टीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. चंद्रोदय नऊ वाजून गेल्यावर. दिवसभर उपाशी, संध्याकाळची गोळी कधी घ्यायची कळत नाही, मग उशिरा मोदकांसकट भरलेलं पान आणि लगेच झोप. ढग असले की चंद्र दिसायची वाट पाहण्यात आणखी उशीर. जेवणाआधीची गोळी सातला घेऊन साडेनऊपर्यंत थांबलेली माणसं आमच्याकडे थरथरत आलेली आहेत.

पत्रकात : जेवणाआधीची गोळी घड्याळाशी नाही, घासाशी बांधलेली आहे, आणि हा बदल आधी डॉक्टरांशी बोलून. दुपारी चार-पाचला ताक किंवा दूध. पंचांगातली वेळ धरा, ढगांसाठी थांबू नका. मोदक एक, आणि तो भाताऐवजी. शेवटची ओळ काढावी असं कोणीतरी म्हटलं. मी ठेवली आहे. नैवेद्य बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, भात बाजूला ठेवणं जमतं.

२३ ऑगस्ट

श्वेतांबर जैनांचं पर्युषण चालू आहे. शेजारच्या सोसायटीत अठ्ठाई, म्हणजे सलग आठ उपवास करणाऱ्या एक बाई आहेत. दिवस मावळेपर्यंत फक्त उकळलेलं पाणी. त्यांचं पारणं कसं होतं ते विचारून आले. पहिल्यांदा मुगाचं पाणी, थोडं थोडं. घरच्या ज्येष्ठ बायका समोर बसतात आणि घाई करू देत नाहीत. त्या परंपरेने पारण्याला समारंभाचा मान दिला आणि तरी पान हलकं ठेवलं. आपल्याकडे हे सहज येऊ शकतं. मुगाचं कढण प्रत्येक घरात होतं.

२६ ऑगस्ट, हरतालिका

निर्जळीबद्दल फार लिहायचं नाही, एकच चौकट ठेवली. गरोदर, बाळाला दूध पाजणाऱ्या, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या आणि वय झालेल्या बायकांनी निर्जळी करू नये. इथे "झेपलं तर" हे शब्द नाहीत.

१५ सप्टेंबर

२२ ला घटस्थापना. वाण्याकडे भगरीच्या गोण्या उतरल्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात एकादशीच्या फराळातून शेकडो लोकांना विषबाधा झाली होती, आणि दर उपवासाच्या हंगामात अशा बातम्या येतात. ओल लागलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिची विषं शिजवूनही जात नाहीत. अन्न व औषध प्रशासन सांगतं तेच छापलं : सुटी भगर नको, तारीख पाहून बंद पाकीट घ्या, तयार पीठ विकत आणू नका, लागेल तेवढंच घरी दळा, डबा कोरडा ठेवा. भंडाऱ्यासाठी आयोजकांना वेगळी चिठ्ठी देणार आहोत, कारण तिथे एका पातेल्यावर अख्खं गाव जेवतं.

१९ सप्टेंबर

पत्रक छापून आलं. चौथ्या पानावर तीन पारणी शेजारी शेजारी. एका दिवसाचं : आधी पाणी किंवा ताक, मग भाकरी, पालेभाजी, वरण, भात दोन घास, गोड हवं तर दुसऱ्या दिवशी. दोन ते चार दिवसांचं : पहिल्या वेळी मुगाचं कढण किंवा पातळ पेज, दुसऱ्या वेळी मऊ भात आणि उकडलेली भाजी, नेहमीचं जेवण दुसऱ्या दिवशी. पाच दिवसांच्या पुढचं : हे पारणं घरी आपल्या मनाने करू नका, डॉक्टरांना आधी भेटा.

यंदा तिथी वाढल्याने नवरात्र दहा दिवसांचं आहे, दसरा २ ऑक्टोबरला. उठता-बसता म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस धरणाऱ्यांना पत्रक पुरेल. सलग करणाऱ्यांची यादी आशाताई घरोघर जाऊन करत आहेत. त्यांची साखर आणि रक्तदाब तिसऱ्या, सहाव्या आणि शेवटच्या दिवशी तपासायला डॉक्टरबाईंनी सकाळची वेळ राखून ठेवली आहे. औषधवाल्या काकांनी गोळ्यांच्या पिशवीत पत्रक घालायचं कबूल केलं आहे. दसऱ्याला श्रीखंड-पुरीचं पारणं होऊ नये म्हणून त्याच्या आदल्या दिवशी केंद्रात मुगाचं कढण आणि पेज करून दाखवायची आहे. मूग, तांदूळ, जिरं आणि मोठं पातेलं यांची सोय सोमवारपर्यंत करायची.